वीतभर पाणी

दत्तरावांनी पिण्याच्या पाण्याच्या ड्रमाला कुलूप घातलं, त्या दिवशी रुख्मिणीबाईंची खात्री पटली की माणूस कामातून गेला. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, झाकणाला भोकं पाडून ओवलेली साखळी आणि साखळीला सायकलचं जुनं कुलूप. चहाला पाणी घ्यायचं तर आधी किल्ली मागायची. सोन्याचे मणी उघड्या डब्यात आणि पाणी कुलपात, असला कारभार उभ्या झरी गावात दुसऱ्या कुठल्या घरात नव्हता.

"अवो, नात यायलीय आपली, चोर न्हाई," त्या म्हणाल्या.

"लेकराला झाकण निगतं."

"तिला अजून सोताची चड्डी निगंना, आन् ड्रमाचं झाकण निगतंय?"

 तोवर दत्तराव मोरीत जाऊन रिकाम्या बादल्या पालथ्या घालायला लागले होते. पालथ्या बादलीच्या बुडावर जे चमचाभर पाणी राहतं, तेही त्यांनी हातानं पुसलं.

नात म्हणजे राजनंदिनी, दोन वर्षं पुरी व्हायला दोन महिने कमी. तिची आई निकिता ही यांची एकुलती एक लेक, सेलूला दिलेली. निकिताला तिथल्याच एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा कापसाच्या जिनिंगवर सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. तेव्हा लेकरू सोमवार ते शनिवार झरीला आजी-आजोबांकडे राहणार, असं ठरलं. नोकरी एक तारखेपासून होती. लेकराला सवय लागावी म्हणून निकिता आठ दिवस आधीच, येत्या रविवारी, तिला आणून सोडणार होती. गल्लीत पेढे वाटावेत अशी गोष्ट, पण ती ऐकल्यापासून दत्तरावांना एका जागी दहा मिनिटं बसवत नव्हतं.

आणि त्यात रुख्मिणीबाईंनी पाणी मागितलं.

त्यांना काचबिंदू होता. नळीतून बघावं तेवढं समोरचं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं. घराच्या मागं दीड गुंठ्याची बाग होती. मोगरा, जास्वंद, शेवगा, दोन पपया, एक कडुनिंब, आणि कुंपणाला बोगनवेल. ही सगळी झाडं त्यांनी हातानं लावलेली, आणि त्याच बागेत त्या महिन्यात दोनदा वाट चुकून बोगनवेलीच्या काट्यांत शिरल्या. दुसऱ्यांदा गालावर चांगला ओरखडा निघाला.

"मला बागेच्या मदोमद पान्याचा आवाज पायजे," त्या म्हणाल्या. "आवाज डाव्या कानाला आला की घर उजवीकडं. पाठीशी आला की फुडं कुंपण. मी गंगाखेडची हाय, गंगेच्या काठची. आवाजावर चालाया मला शिकवायची गरज न्हाई."

मागणं रास्त होतं आणि लहान होतं. दत्तरावांची अख्खी नोकरी पाटकरी म्हणून गेलेली. कालव्याच्या चाऱ्यांवरून, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटांवरून, फिरायचं, ज्याची पाळी असेल त्याच्या शेताकडे लोखंडी दार उचलून पाणी सोडायचं, पाळी संपली की दार पाडायचं. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गव्हाला आणि उसाला पाणी दिलं. आता बायकोनं तांब्याभर पाणी मागितलं, तर त्यांच्याच्यानं हो म्हणवत नव्हतं आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मंगळवारी ते परभणीला गेले. रोपवाटिकेला लागून कारंजी विकणारं एक दुकान होतं, महारुद्र नावाच्या बोलघेवड्या माणसाचं. त्यानं खुर्ची दिली. दत्तराव बसले नाहीत. त्यानं चहा मागवला. तो गार झाला.

"हे बगा काका, फायबरचं कमळ. गावाकडं लय जायलंय."

"खाली पानी किती साठतं?"

"ह्यात हातभर. पन हे दुसरं बगा. सिमेटचं कुंड, आन् वर बगळा. चोचीतून पानी टाकतो."

"कुंडात किती?"

"जास्त न्हाई. वीतभर."

"वीतभर पान्यात लेकरू मरतं," दत्तराव इतक्या मोठ्यानं म्हणाले, की पलीकडे गुलाबाची रोपं बघणारं जोडपं वळून बघायला लागलं. महारुद्रानं घसा खाकरला आणि भिंतीवर टांगायचं काचेचं कारंजं दाखवलं. खाली उघडं पाणी नाही, लेकराचा हात पोचत नाही. किंमत ऐकून दत्तरावांनी ते परत भिंतीकडे तोंड करून ठेवायला सांगितलं. तेवढ्या पैशांत गाभण शेळी आली असती. तरी जाता जाता त्यांनी बगळ्याच्या कुंडात हात घालून बघितलाच. पाणी मनगटाच्या वर आलं. त्यांनी हात असा झटकन बाहेर काढला की महारुद्राला वाटलं, करंट लागला.

"काय आणलंव?" रुख्मिणीबाईंनी फाटकातच विचारलं.

"काई न्हाई. म्हाग हाय."

"जलमभर सरकारी पानी सोडलंव. घरचं सोडायची पाळी आली की हात आखडला."

 कंजूष म्हणवून घेणं दत्तरावांना परवडत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुण्याचा सिमेंटचा हौद घणानं फोडला. शेजारच्या नागनाथाच्या म्हशीच्या डोणीत किती पाणी आहे, ते काठी घालून मोजलं, आणि मधलं कुंपण आणखी दोन तारांनी बंद केलं. नागनाथ म्हणाला, "काका, पूर यायलाय का?" यांनी खरोखरच आभाळाकडे बघितलं.

तोड सापडली ती रुख्मिणीबाईंच्या हात धुण्यानं. कडुनिंबाखाली सासूबाईंच्या वेळचं जातं पडून होतं. घरात गिरणीचं पीठ यायला लागल्यापासून त्याला कुणी विचारत नव्हतं. बाई मोगऱ्यातलं गवत काढून आल्या, जात्यावर वाकल्या आणि तांब्यानं हातावर पाणी घेतलं. पाणी दगडावर पसरलं आणि मधल्या भोकातून, जिथून एकेकाळी दाणे जायचे, तिथून खाली गेलं. दगडावर थेंब राहिला नाही. दत्तराव बघत राहिले. जे पाणी भोकातून खाली जातं, ते खालून वरही आणता येईल. वर यावं, दगडावरून ओघळावं आणि गोट्यांत जिरून जावं. साठवण जमिनीच्या पोटात, उघड्यावर काहीच नाही.

"जातं घेऊ का हे?" त्यांनी विचारलं.

"घ्या की. आता कोण दळायलंय त्याच्यावर."

मग तीन दिवस त्यांनी बाग उकरली. अर्धा कापलेला ड्रम जमिनीत पुरला. वेल्डिंगवाल्याकडून बोटभर जाड सळ्यांची जाळी करून आणली आणि तोंडावर बसवून चारी बाजूंनी सिमेंटमध्ये पक्की केली. सिमेंट वाळल्यावर जाळीवर स्वतः उभे राहिले, उड्या मारल्या, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून नव्वद किलोच्या नागनाथालाही वर बोलावलं. दोघांना खांद्याला खांदा लावून जाळीवर नाचताना अख्ख्या गल्लीनं बघितलं. गोटे गंगाखेडहून आले, रुख्मिणीबाईंच्या भावानं पोत्यात भरून बसवर टाकून दिलेले. पंप जुन्या कूलरचा निघाला. जाळीवर मधोमध जातं ठेवलं आणि भोवती गोटे पसरले. तार पाइपातून भिंतीपर्यंत नेली आणि बटण दत्तरावांच्या छातीइतकं उंच बसवलं. सगळा खर्च बगळ्याच्या निम्म्यातही आला नाही.

शनिवारी दुपारी बटण दाबलं. जात्याच्या तोंडातून पाणी बोटभर वर आलं, दगडावरून पसरलं आणि गोट्यांत गडप झालं. आवाज मात्र भरलेला, सलग, पाटाच्या तोंडाशी येतो तसा. रुख्मिणीबाईंनी डोळे मिटले आणि चालायला लागल्या. मोगऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या, शेवग्याला हात लावला, पपईला वळसा घालून परत आल्या. कुठेही अडखळल्या नाहीत.

"माय गं," त्या म्हणाल्या, "माहेराला जाऊन आल्यावानी वाटायलंय." आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

इथं कुणाचाही जीव भांड्यात पडला असता. दत्तरावांचा पडेना. त्यांनी गोट्यांच्या फटींत बोट घालून बघितलं. मग इकडेतिकडे बघून ते पालथे झोपले, नाक जात्याला टेकवलं, तोंड गोट्यांत दाबलं आणि श्वास घेऊन बघितला. पाणी गालावरून वाहून गेलं. श्वास आला. त्यांनी तोंड दुसऱ्या बाजूला करून पुन्हा बघितलं. सहासष्ट वर्षांचा माणूस चिखलात पालथा पडून मूल होऊन बघत होता.

पाण्याचा आवाज दबल्यासारखा झाला, म्हणून रुख्मिणीबाई बाहेर आल्या. पायाला काहीतरी लागलं. वाकून चाचपलं तर नवऱ्याची पाठ.

"अगं माय! पडलाव का? अवो!"

"न्हाई, न्हाई. बगायलोय."

"पालथं पडून काय बगायलाव?"

दत्तराव उठून बसले. तोंडाला माती होती. इतक्या वर्षांचं जे आत दाबून धरलेलं होतं, ते त्यांच्या तोंडून एकदम बाहेर आलं.

"निकिता चारीत वाहून चालली व्हती. मी पानी सोडलं तवा."

गोष्ट अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली. निकिता तीन वर्षांची. रुख्मिणीबाई सासूबरोबर कापूस वेचायला गेलेल्या, म्हणून दत्तरावांनी लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून चारीवर नेलं. पाणी सोडण्याआधी पाटकऱ्यानं काठानं चालत तीन वेळा शिट्टी वाजवायची, असा नेम. चारी वीस-वीस दिवस कोरडी असते. पोरं तिच्या वाळूत खेळतात, शेळ्या उतरतात, बाया भाकर खायला बसतात. शिट्टी ऐकली की सगळे वर येतात. त्या दिवशी निकितानं शिट्टीसाठी भोकाड पसरलं. रडू नये म्हणून त्यांनी शिट्टी तिच्या हातात दिली, तिला काठावर बसवलं आणि दार उचलायला गेले. आता वाजवणार कशानं? एक दिवस नाही वाजवली तर काय होतंय, असं म्हणून त्यांनी दाराचं चाक फिरवलं. मागं शिट्टी वाजत होती. लेक काठावर खेळतीय, असं समजून ते फिरवत राहिले. लेक चारीत उतरून वाळूची घरं करत होती, आणि येणारं पाणी बघून शिट्टी फुंकत होती. मग शिट्टी बंद झाली.

शेजारच्या फडात ऊस तोडायला आलेल्या झुंबरबाईनं डोक्यावरची मोळी टाकून उडी मारली आणि पोरीला केसांना धरून वर काढलं. पाणी झुंबरबाईच्या गुडघ्यालाच लागत होतं. दत्तरावांनी लेकीचे कपडे बांधावर वाळवले आणि दिवस कलल्यावर तिला घरी आणलं. केस तेवढे दमट राहिले. रात्री ताप चढला, छाती भरली, आठ दिवस दवाखाना झाला. सासूनं दमट केस बघितले आणि सगळं रुख्मिणीबाईंच्या माथी मारलं. मार्गशीर्षाच्या थंडीत न्हाऊ घातलं, केस ओले ठेवले, लेकरू मारतीस काय! रुख्मिणीबाईंनी सकाळी खरोखरच न्हाऊ घातलं होतं. त्यामुळे त्यांना ते पटलं. दत्तराव दारात उभे होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हापासून रुख्मिणीबाईंनी कुठल्याही लेकराच्या डोक्यावर पाणी घातलं नव्हतं. राजनंदिनी याच घरात जन्मली. नातीला पायावर घेऊन न्हाऊ घालायचा मान आजीचा, पण सव्वा महिना शेजारची तानुबाई येऊन घालून गेली. "माजा हात चांगला न्हाई," असं म्हणून रुख्मिणीबाई उंबऱ्यात बसून राहायच्या. दत्तराव ते रोज ऐकायचे आणि चपला घालून बाहेर जायचे.

सगळं सांगून झालं. पंप चालूच होता. रुख्मिणीबाईंनी त्या आवाजाकडे तोंड केलं.

"आट दिस दवाखान्यात मी देवाला म्हनत व्हते, माज्या हातानं झालंय, मला ने," त्या म्हणाल्या. "आन् तुमी माज्या शेजारी बसून व्हतात."

दत्तरावांनी तोंडाची माती पुसली.

"उद्या निकिताला सांगा. लेकरू तिचं हाय. कुणाच्या जिम्म्यावर सोडायचं ते तिला कळू द्या."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्यांचं बोलणं तिथून बंद झालं.

रविवारी निकिता आली. लेकराची पिशवी अजून खांद्यावरच होती, तोच दत्तरावांनी तिला जात्याजवळ नेलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निकिताला त्यातलं काही आठवत नव्हतं. तिनं बापाकडे बघितलं, मग उंबऱ्यात बसलेल्या आईकडे बघितलं. पिशवी तिनं खाली ठेवलीच नाही.

"दुपारच्या गाडीनं जाते मी."

फाटकाशी ती थांबली, बापाकडे वळली. "दादा, आज कामून सांगितलंव? न सांगता बी चाललं असतं की."

"उद्यापासून तिच्यावर नजर माजी ऱ्हाणार. ती नजर कसली हाय, ते तुला ठावं पायजे."

राजनंदिनी आईच्या खांद्यावरून "आबा, आबा" करत हात हलवत गेली. दत्तरावांचा हात वर झाला नाही.

पुढचे तीन दिवस त्या घरात काढणं म्हणजे शिक्षाच. रुख्मिणीबाई ताट वाढून पुढं सरकवायच्या आणि किल्ली हवी असली की नुसता तळहात पुढं करायच्या. सकाळी बागेत जायच्या, पण पाणी सुरू करा म्हणायच्या नाहीत. सोमवारी पुन्हा बोगनवेलीत शिरल्या. दत्तराव धावले, तर त्यांनी हात झटकला. मग दत्तराव घरातून बागेत, बागेतून फाटकात, फाटकातून बसथांब्यावर, असे येरझाऱ्या घालत राहिले. सेलूकडून येणारी प्रत्येक गाडी बघायची आणि परत यायचं. मांडी घालून ते जेवलेही नाहीत. लेक परत यावी असं त्यांना वाटत होतं आणि तिनं येऊ नये असंही वाटत होतं.

गुरुवारी निकिता लेकराला घेऊन आली. आल्या आल्या बागेत गेली, गोटे बाजूला केले, जाळीच्या चारही कोपऱ्यांना हिसके देऊन बघितले, तिच्यावर उभी राहिली. मग पिशवीतून सेलूच्या बाजारातली नवी शिट्टी काढली. लाल दोरीतली.

"गळ्यात घाला, दादा."

त्यांनी घातली.

"पानी सोडायच्या आदी तीनदा वाजवायची. आईनं लेकराला धरलं की ती बांगड्या वाजवंल. बांगड्या ऐकल्यावर बटण. एकदा बी चुकायचं न्हाई."

वीतभरही नसलेल्या पाण्याला पाटकऱ्याची शिट्टी! नागनाथ कुंपणापलीकडून हसला. दत्तराव मात्र नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबासमोर उभे राहिले होते तसे ताठ उभे होते.

"सेलूला कुणाला तरी ठिवलं असतं," निकिता हळूच म्हणाली. "पन त्या माणसाची चूक मला ठावं नसती. तुमची ठावं हाय." लेकराचा मुका घेऊन ती गेली.

शुक्रवारी सकाळी रुख्मिणीबाईंनी किल्लीसाठी तळहात पुढं केला. दत्तरावांना वाटलं, चहा. पण त्यांनी ड्रम उघडून पातेलंभर पाणी काढलं, चुलीवर ठेवलं, कोमट झाल्यावर बागेत आणलं आणि जात्याजवळच्या फरशीवर पाय पसरून बसल्या. राजनंदिनीला त्यांनी पायांवर घेतलं. दत्तराव तानुबाईला हाक मारायला निघाले, तर रुख्मिणीबाईंनी मान हलवून नको म्हणून सांगितलं. मग तांब्या उचलला. तो क्षणभर लेकराच्या डोक्यावर तसाच थांबला, आणि मग त्यांनी पाणी ओतलं. डोळ्यांना नळीएवढंच दिसत होतं, बोटांना सगळं दिसत होतं. मान, कानाच्या मागं, टाळू. मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन एकेक बट कोरडी केली, पुन्हा पुन्हा चाचपून बघितली.

दत्तरावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते बाहीला पुसले आणि भिंतीकडे गेले. तीन वेळा शिट्टी वाजवली. बांगड्या वाजल्या. बोट बटणाशी नेलं, तेवढ्यात लेकराचं लक्ष लाल दोरीकडे गेलं.

"आबा, मला! मला!"

आबा हलले नाहीत, तसं तिनं तोंड वासलं आणि भोकाड पसरलं. अगदी आईसारखं, पाय आपटत, श्वास कोंडेपर्यंत. दत्तरावांचा हात आपोआप गळ्यातल्या दोरीकडे गेला.

"रडू द्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

सहा दिवसांनी त्यांचा आवाज त्या घरात ऐकू आला. त्यांनी नातीला छातीशी घट्ट धरलं होतं.

"रडू द्या तिला. शिट्टी देऊ नका."

दत्तरावांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली, बटण दाबलं आणि जात्याजवळ मांडी घालून बसले.